चिमूरला कोण कोण धावून आलं

ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सुभाषबाबूंच्या आझाद हिंद रेडिओनं थेट बर्लिनहून दिली, असं चिमूरमध्ये आजही सांगतात. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या, रेल्वेपासून दूर असलेल्या एका गावाचं नाव युरोपातल्या राजधानीतून घेतलं गेलं, याचा गावाला अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. पण ते बर्लिन कुठलं होतं, हेही कधीतरी मनात आणायला हवं. त्याच शहरातल्या ग्रुनेवाल्ड स्टेशनातून ऑक्टोबर 1941 पासून ज्यूंना कोंबून नेणाऱ्या गाड्या सुटत होत्या. चिमूरच्या रस्त्यांवर लोक झाडं आडवी पाडत होते त्या दिवसांत वॉर्साच्या वस्तीतून रोज हजारो माणसं त्रेब्लिंकाला मारायला नेली जात होती. शत्रूचा शत्रू म्हणून सुभाषबाबूंनी केलेला हिशेब हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला बोलायचं आहे ते आपल्याकडे चहाच्या टपरीवर सहज ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल.

घुग्घूसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक तासभर अडकले, तहसील कार्यालयात फाइल हलली नाही, नगरपालिकेचा नळ आला नाही, की कोणीतरी म्हणतंच, ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे.’ म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. बहुतेक वेळा तो रांगेत उभा राहणारा, वेळेवर वीजबिल भरणारा असतो. त्याला ज्यूंचा द्वेष ठाऊक नसतो आणि छळछावण्याही नको असतात. त्याला हवी असते शिस्त. एक माणूस येईल, टेबलावर मूठ आपटेल आणि हा सगळा गोंगाट थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात असतं.

या वाक्याला आपल्याकडे नव्वद-शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा उगम टपरीवर नाही, चांगल्या शिकल्यासवरलेल्या दिवाणखान्यांत आहे. 1920 च्या दशकात मराठी वृत्तपत्रांना मुसोलिनीचं मोठं अप्रूप होतं. ‘केसरी’तून इटलीच्या नव्या राजवटीबद्दल कौतुकानं लिहून येत असे. ‘केसरी’चे लंडनमधले बातमीदार द. वि. ताम्हणकर यांनी 1927 मध्ये मुसोलिनी आणि फॅसिझमवर मराठीत पुस्तकच काढलं. आणि 19 मार्च 1931 रोजी नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे रोममध्ये खुद्द मुसोलिनीला भेटले. व्यवसायानं नेत्रतज्ज्ञ, टिळकांचे अनुयायी, पुढे हिंदू महासभेचे नेते. गोलमेज परिषदेहून परतताना त्यांनी इटलीतल्या लष्करी शाळा पाहिल्या, ‘बालिला’ ही मुलांची फॅसिस्ट संघटना पाहिली आणि भारावून जाऊन रोजनिशीत त्याबद्दल लिहिलं. विस्कळीत समाजाला एकजिनसी करण्याची युक्ती इटलीला सापडली आहे, असं त्यांचं मत झालं. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल 1937 मध्ये सुरू झाली, तिच्यामागे ही प्रेरणाही होती.

आज यावर नाक मुरडणं सोपं आहे. गुलाम देशातल्या माणसाला पिळदार, एका तालात पावलं टाकणारी तरुण पोरं पाहून भुरळ पडणारच. डाव्या बाजूलाही असंच चाललं होतं, फक्त तीर्थक्षेत्र रोमऐवजी मॉस्को होतं. 1932-33 मध्ये युक्रेनात लाखो शेतकरी उपाशी मरत असताना आपल्याकडचे कितीतरी बुद्धिमान लोक पंचवार्षिक योजनेच्या आकड्यांवर खूश होते. दोघांनाही दिसलं ते संचलन आणि उत्पादन. त्या संचलनाआधी काय काय मोडावं लागलं, ते दोघांनीही पाहिलं नाही.

हुकूमशहा बलवान असतो म्हणून येतो, हा आपला मुख्य गैरसमज. कागदपत्रं वेगळंच सांगतात. 1921 च्या इटालियन लोकसभेत 535 जागांपैकी फॅसिस्टांच्या जागा होत्या जेमतेम 35. ऑक्टोबर 1922 मध्ये ‘रोमवर चाल’ झाली तेव्हा सैन्यानं मनावर घेतलं असतं तर ती पांगायला वेळ लागला नसता. राजानं मार्शल लॉच्या हुकमावर सही केली नाही, आणि मिलानमध्ये वाट पाहत बसलेला मुसोलिनी रात्रीच्या गाडीनं झोपत रोमला आला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात उदारमतवादी होते, कॅथलिक पक्षाचे लोकही होते. प्रत्येकाचा हिशेब एकच, की हा गडी आधी समाजवाद्यांना ठोकेल, मग त्याला आपण आवरू. जून 1924 मध्ये समाजवादी खासदार माटेओटी यांचं अपहरण करून खून करण्यात आला तेव्हा देश हादरला होता, मुसोलिनीचं आसनही डळमळलं होतं. विरोधी खासदारांनी काय केलं? नैतिक निषेध म्हणून सभागृह सोडलं आणि राजा काहीतरी करील म्हणून वाट पाहत बसले. राजानं काही केलं नाही. 3 जानेवारी 1925 ला मुसोलिनीनं भर सभागृहात सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन, काय करायचं ते करा, असं आव्हान दिलं. 1926 संपेपर्यंत बाकीचे सगळे पक्ष बेकायदा झाले होते. 1931 मध्ये विद्यापीठांतल्या बाराशेवर प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं, तेव्हा नकार देणारे निघाले डझनभर. मुंजे रोमला गेले ते याच वर्षी.

जर्मनीची गोष्ट तर आकड्यांतच दिसते. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत नाझींची मतं जुलैच्या मानानं घटली होती. 37 टक्क्यांवरून ते 33 वर आले. जागा 196. समाजवाद्यांच्या 121 आणि कम्युनिस्टांच्या 100, म्हणजे दोघांच्या मिळून 221. ही बेरीज शाळकरी पोरालाही करता आली असती, पण ती जर्मनीत कोणी केली नाही. कम्युनिस्टांच्या लेखी समाजवादी हेच ‘सोशल फॅसिस्ट’, म्हणजे खरे शत्रू. समाजवाद्यांच्या लेखी कम्युनिस्ट म्हणजे मॉस्कोचे हस्तक. मध्ये 1919 चं रक्त होतं. समाजवादी सरकारच्या काळातच रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लिबक्नेख्त मारले गेले होते, आणि ते कोणी विसरलं नव्हतं. त्या नोव्हेंबरात बर्लिनच्या वाहतूक कामगारांचा संप झाला तेव्हा समाजवादी संघटनेला खाली पाहायला लावण्यासाठी कम्युनिस्ट आणि नाझी एकाच बाजूनं उभे होते. तीन महिन्यांत हिटलर चॅन्सेलर झाला.

पुढचं सगळं भराभर घडलं. 30 जानेवारी 1933 च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच होते, बाकीचे जुने खानदानी उजवे, त्याला मुठीत ठेवायला बसलेले. संसद जळाल्यावर दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क गेले. 23 मार्चला कायदे करायचा अधिकार सरकारला देणारा ठराव आला, तोवर कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर फरार होते. मध्यममार्गी कॅथलिकांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं. विरोधात गेली ती फक्त हजर असलेल्या 94 समाजवाद्यांची मतं. जूनमध्ये समाजवादी बंद, जुलैच्या सुरुवातीला कॅथलिक पक्षानं स्वतःच गाशा गुंडाळला, 14 जुलैला एकच पक्ष कायदेशीर उरला. प्रत्येकाची पाळी आली तेव्हा आधीचे तुरुंगात होते आणि नंतरचे गप्प होते.

इथे अभ्यासक आपल्या एका समजुतीवर नेमका आक्षेप घेतात. समाजात संस्था, मंडळं, संघटना भरपूर असल्या की हुकूमशाही येत नाही, असं आपण मानतो. पण जर्मनीत मंडळांची रेलचेल होती. गायनमंडळं, तालीमसंघ, नेमबाजांची मंडळं, सायकलवाल्यांचे क्लब. नाझींना ही मंडळं आडवी आली नाहीत, उलट आयती शिडी झाली. का? कारण कामगारांचं गायनमंडळ वेगळं होतं, दुकानदारांचं वेगळं, कॅथलिकांचं त्याहून वेगळं. सायकलवरसुद्धा समाजवादी आपल्या क्लबात बसत आणि बाकीचे आपल्या. प्रत्येक घोळक्याला आपल्या भिंतीपलीकडच्या माणसाच्या घरातलं रडणं ऐकू येत नव्हतं. मंडळं मोजून भागत नाही. एका मंडळातला माणूस दुसऱ्या मंडळातल्या माणसासाठी उठून जातो का, हे पाहावं लागतं. आणि हे पाहण्यासाठी मला चिमूरपेक्षा चांगली जागा माहीत नाही.

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा चातुर्मास चिमूरला चालू होता, खंजिरीच्या भजनांनी गाव आधीच तापलं होतं. ‘करेंगे या मरेंगे’ मुंबईहून इथवर पोहोचलं होतं. मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पडला. मग जमाव डाकबंगल्यावर चालून गेला. एसडीओ डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे मारले गेले, पोलीसही मेले. झाडं पाडून, रपटे फोडून रस्ते बंद झाले आणि दोन-तीन दिवस इंग्रजांचं राज्य तिथे नव्हतं. 19 ऑगस्टला फौज आली. पुरुषांना पकडून नेलं. ज्या घरांत आता फक्त बायका उरल्या होत्या, त्या घरांत शिपाई शिरले. लूट झाली, बलात्कार झाले. वर गावावर सामुदायिक दंड बसवला.

आता पाहा, धावून कोण आलं.

आले डॉ. मुंजे. तेच, रोमचे. हिंदू महासभेनं ‘चले जाव’ला पाठिंबा दिलेला नव्हता, गांधींशी मुंज्यांचं हाडवैर. चिमूरची पोरं काँग्रेसच्या नावानं तुरुंगात होती. मुंज्यांनी घरीच बसायचं ठरवलं असतं तर पक्षाच्या भूमिकेप्रमाणे त्यांना कोणी बोल लावला नसता. पण सत्तरीला टेकलेला हा म्हातारा चिमूरला गेला, बायकांची गाऱ्हाणी ऐकली आणि फौजेनं काय केलं ते जाहीरपणे सांगितलं. नागपूरहून बायकाही आल्या. त्या काळात अशा गोष्टीची वाच्यता करणं म्हणजे काय, हे सांगणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही कळत होतं.

आले प्रा. जयकृष्ण भन्साळी, गांधींच्या सेवाग्राम आश्रमातले. त्यांनी दिल्ली गाठली ती थेट लोकनायक बापूजी अण्यांच्या दारात. अणे यवतमाळचे, आपल्या वऱ्हाडातले, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. म्हणजे ज्या सरकारच्या फौजेनं हे केलं, त्या सरकारात बसलेले. भन्साळींचं म्हणणं साधं होतं, तुम्ही या भागाचे आहात, चिमूरला चला, चौकशी करा. त्यांना पकडून परत पाठवलं, ते पुन्हा चिमूरच्या वाटेला लागले, पुन्हा पकडले गेले. 11 नोव्हेंबरला सुरू झालेलं त्यांचं उपोषण 12 जानेवारी 1943 पर्यंत, 63 दिवस चाललं. सरकारनं उपोषणाच्या बातम्या छापायला बंदी केली. तेव्हा देशातल्या वृत्तपत्रांनी 6 जानेवारीला हरताळ पाळून अंक काढले नाहीत, आणि नववर्षाच्या रावबहादुरक्या-खानबहादुरक्यांची यादीही छापली नाही. यातले सगळेच संपादक गांधींच्या आंदोलनाच्या बाजूचे नव्हते.

मध्यस्थीला आले डॉ. ना. भा. खरे. 1938 मध्ये काँग्रेस श्रेष्ठींनी ज्यांना मुख्यमंत्रिपदावरून घालवलं, ते. सेवाग्रामचं नाव काढलं तरी त्यांचं पित्त खवळत असे. सेवाग्रामच्या माणसाचा जीव वाचवायला तेच उभे राहिले. पुढे चिमूरच्या आणि तसाच उठाव झालेल्या आष्टीच्या कैद्यांना फाशी सुनावली गेली तेव्हा काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांनी ते फास सुटावेत म्हणून जिवाचं रान केलं, आणि 1945 मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आल्या. अण्यांनी फेब्रुवारी 1943 मध्ये, गांधींच्या उपोषणाच्या वेळी, सरकारातून राजीनामा दिला.

या यादीतले लोक एकमेकांना पाण्यात पाहणारे होते. त्यांची मतं जुळली नाहीत, नंतरही नाही. मुंज्यांनी बालिलाचं कौतुक मागे घेतलं असं काही झालं नाही, आणि खरे काही महिन्यांत स्वतःच व्हाइसरॉयच्या मंडळात जाऊन बसले. मला यातलं मोल दिसतं ते नेमकं इथेच. जर्मनीत 221 खासदारांना जे जमलं नाही ते नागपूर-वर्ध्याच्या या भांडकुदळ मंडळींना जमलं, भांडण न मिटवता. शिस्तीची आणि एकजिनसीपणाची भुरळ पडलेले मुंजे चिमूरला गेले ते त्या एकजिनसी नसलेल्या, धुसफुसणाऱ्या समाजातले एक होते म्हणून. त्यांनी रोममध्ये जे पाहिलं ते इथे खरोखर आलं असतं तर त्यांच्या पत्रकाला छापखाना मिळाला नसता.

इथे दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. पहिली, एवढं करूनही निःपक्ष चौकशी झाली नाही. बातम्यांवरची बंदी उठली, बाकी चिमूरच्या बायकांच्या पदरात न्याय पडला नाही. दुसरी गोष्ट आपल्याला जास्त बोचणारी. डुंगाजी आणि सोनवणे आपल्याच देशातले नोकरदार होते, त्यांनाही घरंदारं होती. त्यांच्यासाठी कोणी धावून गेलं नाही. आजही शहीद दिनाच्या भाषणांत ही नावं फारशी येत नाहीत, आली तर खलनायक म्हणून. गोळीबाराचा संताप मी समजू शकतो, पण हाती सापडलेल्या माणसाला जमावानं मारणं याला दुसरं नाव देता येत नाही. दुसऱ्याच्या अंगणातलं दुःख ऐकू येण्याची आपली कसोटी लावायची, तर ती चिमूरलाही लावायला हवी.

जॉर्ज ऑरवेलनं 1949 मध्ये गांधींवर लिहिताना शंका काढली होती, की जिथे विरोधक रात्रीतून नाहीसे होतात आणि पुन्हा त्यांचं नावही ऐकू येत नाही, तिथे हा मार्ग कसा चालणार? शंका बिनतोड आहे. बर्लिनमध्ये भन्साळींचं उपोषण त्रेसष्ट दिवस चाललं नसतं. म्हणून काही जण असा निष्कर्ष काढतात की हे सगळं इंग्रजांच्या सौजन्यानं झालं. चिमूरच्या बायकांना हे सौजन्य कसं वाटलं असतं, ते सोडून देऊ. पण ज्या फटींतून चिमूरची गोष्ट बाहेर आली त्या इंग्रजांनी दान दिल्या नव्हत्या. टिळकांपासूनच्या संपादकांनी तुरुंगात जाऊन त्या रुंद केल्या होत्या, वकिलांनी कोर्टात, मतदारांनी 1937 च्या निवडणुकीत. शिवाय 1932 च्या जर्मनीत आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फटी होत्या. मुक्त छापखाने, संसद, मोठमोठ्या कामगार संघटना, सगळं होतं. आत हात घालणारे एकमेकांचे हात धरायला तयार नव्हते.

चिमूरच्या पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, 1980 नंतर आणखी एक गोष्ट घडत गेली. तेव्हा तो चांद्याचाच भाग होता, गडचिरोली जिल्हा झाला 1982 मध्ये. नक्षलवादी आले ते तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून देत, फॉरेस्ट गार्डाच्या दंडुक्याला उत्तर देत, आणि गावांना ते पटलंही. पण काही वर्षांत प्रश्न एकच उरला, तू आमचा की त्यांचा? पोलिसाला पाणी दिलं तर खबऱ्या, दादालोकांना भात दिला तर नक्षलवादी. जन-अदालतीत माणसं मारली गेली. गावात तिसरी बाजू असू शकते, एकाच माणसाला दोन्हीकडची चीड असू शकते, ही शक्यताच दोन्ही बंदुकांना मंजूर नव्हती. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला तेव्हा या कहाणीचं एक पान उलटलं. गप्प राहायला शिकलेली गावं पुन्हा बोलायला किती काळ घेतील, ते कोणत्याही शरणागतीच्या कार्यक्रमात ठरत नाही.

याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) आहे. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. मला त्यात महत्त्वाची वाटते ती ग्रामसभेची रीत. इथे बहुमतानं निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. ऐकताच माझ्यासारख्याच्या कानाला खटकतं, कारण ‘सगळ्यांचं एकमत’ हे हुकूमशहांचं आवडतं वाक्य. 29 मार्च 1936 ला हिटलरलाही 98.8 टक्के एकमत मिळालं होतं. त्या मतपत्रिकेवर खूण करायला वर्तुळ एकच छापलेलं होतं, होकाराचं. ‘नाही’ म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

मेंढ्यात उलटं आहे. एक माणूस ‘नाही’ म्हणाला की ठराव तिथेच थांबतो. त्याला गप्प करत नाहीत, विषय पुढच्या सभेला जातो, अभ्यासगटात चर्चा होते, आणि त्याचं म्हणणं ऐकून निर्णय बदलावा लागला तर बदलतात. जर्मनीतल्या एकमतात नकार देणारा नाहीसा होत होता, इथल्या एकमतात नकार देणाऱ्याशिवाय काम पुढे सरकत नाही. वेळ फार जातो. टपरीवरच्या आपल्या शिस्तप्रिय माणसाला अशी सभा अर्धा तासही सोसवणार नाही.

कोणी म्हणेल, पाचशे माणसांत हे जमतं, चंद्रपूरसारख्या शहरात काय? खरं आहे, शहरात हे जसंच्या तसं जमणार नाही. शहरात हे काम वर्तमानपत्रांनी, बार असोसिएशननं, कामगार संघटनांनी, शिक्षकांनी करायचं असतं, चिमूरच्या वेळी नागपूरनं केलं तसं. आज यातलं प्रत्येक जण आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहे, जर्मन सायकलवाल्यांसारखा. खाणीतल्या कंत्राटी कामगाराच्या प्रश्नावर त्याच्याच युनियनचा मोर्चा निघतो, विस्थापित आदिवासींच्या प्रश्नावर त्यांच्याच संघटनेचा. बाकीचे बातमी वाचतात, आपला पक्ष कुठल्या बाजूला आहे ते पाहतात आणि मग ठरवतात की ती बातमी खरी मानायची की नाही. हिटलर पाहिजे म्हणणाऱ्याची मला या सवयीइतकी भीती वाटत नाही. मुंज्यांनीही वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं होतं, आणि तरी ते चिमूरला गेले.